शेंडा आमचा, बुडखा विहीणबाईंचा

सर्व संबंधितांस, आणि काहीही संबंध नसताना नाक खुपसणाऱ्यांस, अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की यंदाच्या हिवाळ्यात बहारीन नावाच्या बेटावर, सलमानियातल्या एका तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात, भारत आणि थायलंड या दोन राष्ट्रांमध्ये संघर्ष पेटला. कारण पाला. भारताच्या वतीने मी होते. मी माघार घेतली नाही हेही इथेच नोंदवते, कारण मी परत आल्यापासून आमचे यजमान देवरुखभर वेगळंच सांगत फिरतायत.

बहारीनला जाऊन आलेले लोक सोन्याचं सांगतात, मोत्यांचं सांगतात, मॉलमधल्या गारठ्याचं सांगतात. मीही समुद्र पाहिला, किल्ला पाहिला, वाळवंटात एकटंच उभं असलेलं ते प्रसिद्ध झाडही पाहिलं. सगळं उत्तम आहे. ते तुम्हाला दुसरं कोणीही सांगेल. मी पाल्याचं सांगते.

सलमानिया

माझा धाकटा भाऊ सुधीर तिथे असतो. एसीचे पत्र्याचे डक्ट बनवणाऱ्या सलमाबादच्या एका वर्कशॉपमध्ये तो फोरमन आहे. आई गेली तेव्हा हा शाळेत होता, त्यामुळे त्याचा डबा, दप्तर आणि दटावणी हे सगळं माझ्याकडे आलं. दोन वर्षांपूर्वी त्याने नोईशी लग्न केलं. नोई थायलंडची. एका मोठ्या दुकानाच्या बेकरीत केक सजवते. तिथलं थंड खोलीचं मशीन बिघडलं म्हणून सुधीर गेला आणि एका दुपारचं काम त्याने आठवडाभर पुरवलं. पुढचं सांगायला नको.

म्हणजे नोई नात्याने माझी भावजय, पण मानाने सून. आणि तिची आई माझी विहीण. लग्न रजिस्टर पद्धतीने झालं, आम्ही दोघींनी ते फोनवर पाहिलं, त्यामुळे विहिणीची पंगत नाही, मानपान नाही, रुसवाफुगवा नाही. तो सगळा अनुशेष आम्ही बहारीनमध्ये भरून काढला.

विहीणबाईंचं नाव माली. बुटक्या, काटक, केस मानेपर्यंत कापलेले, आणि नजर अशी की भाजी आपोआप शिजावी. त्यांच्या गावी नदीकाठी त्यांची खानावळ आहे. माझीही देवरुखला एस.टी. स्टँडजवळ खानावळ होती. आता ती मुलगा आणि सून चालवतात आणि मला "आई, तुम्ही बसा" म्हणतात, ज्यासारखा अपमान नाही. तर दोन खानावळवाल्या एका ओट्यापुढे! सुधीर कामावरून घरी यायला घाबरायचा, तो उगाच नाही.

भाषेचं म्हणाल तर विहीणबाईंना पर्यटकांना जेवू घालण्यापुरतं इंग्रजी येतं. त्यातही त्यांचे लाडके शब्द दोनच. जमेल ते "कॅन", जमणार नाही ते "कॅनॉट". बाकीचं नोई समजावून सांगते. नोई मराठी शिकली सुधीरकडून, आणि सुधीर मराठी बोलतो ते वर्कशॉपमधल्या पोरांशी. त्यामुळे ही नाजूक, हळू आवाजाची मुलगी मला पहिल्याच दिवशी म्हणाली, "अक्का, जरा सरक की. ताट ठेवायचंय."

विहीणबाई माझ्या आदल्या दिवशी पोचल्या होत्या, पण त्यांची मोठी बॅग मागे राहिली होती. ती मी आले त्या संध्याकाळी आली. बॅग उघडली. आत एक दगडी खलबत्ता, त्याच्याभोवती साड्यांसारखे गुंडाळलेले पंचे, आणि एका पिशवीत काळा, चिकट, घमघमणारा लगदा. तो लगदा म्हणजे विहीणबाईंच्या परसातला पाला होता. गवती चहाची कांडी, लिंबाच्या जातीच्या एका खरबरीत फळाची पानं, त्यांची सुवासिक तुळस, आल्याच्या कुळातलं एक मूळ. दोन दिवस बॅगेत उकडून त्याची माती झाली होती.

विहीणबाईंनी ती पिशवी उचलून हुंगली आणि बाजूला ठेवली. मग उठून त्यांनी फ्रिज उघडला. आत खोवलेला नारळ, कढीलिंब, भिजवलेले वाल आणि सुधीरचं ताक. त्यांनी नोईला काहीतरी विचारलं. नोईने खाली बघून उत्तर दिलं. पुन्हा विचारलं. या वेळी नोई ओट्याकडे वळली.

"काय विचारतायत?" मी म्हटलं.

"आई विचारते, तू काय खातेस." नोई म्हणाली. "मी म्हटलं, वरणभात, माशाची आमटी, पोहे. मग विचारते, आपलं काय खातेस."

"मग?"

"मग काय सांगू? दुकानात मिळतो पाला. प्लास्टिकच्या डबीत. पिवळा असतो. आधी आणायची, आता नाही आणत. आता मला वास पण नीट आठवत नाही, अक्का."

हे शेवटचं वाक्य तिने आईला थाईत सांगितलं नव्हतं. पण आयांना कळतं. विहीणबाईंनी फ्रिजचं दार लावलं आणि जेवणाच्या टेबलाशी बसून निकाल दिला. तो नोईने थांबत थांबत आम्हाला ऐकवला. जिथे आपला पाला मिळत नाही तिथे माणसाने पाहुणं म्हणून जावं, राहू नये. नोईने परत यावं. विहीणबाईंचे खांदे आता दुखतात, खानावळीला कोणीतरी घरचं हवंच आहे. जावयाला यायचं तर त्याने यावं, पत्र्याचे डबे तिकडेही लागतात.

सुधीरचा घास हातातच राहिला. त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं तो चौथीत गणिताच्या मास्तरांपुढे उभा असताना बघायचा. "अक्का, तू काहीतरी बोल ना."

नोईला जायचं नव्हतं. ते तिच्या पाठीवरूनही दिसत होतं. ती ओट्याकडे तोंड करून एकच ताट पुन्हा पुन्हा पुसत होती. पण आईला "नाही" म्हणायची तिला सवय नव्हती. मला मात्र दुसऱ्यांच्या आयांना "नाही" म्हणायची भरपूर सवय आहे.

"विहीणबाई," मी मराठीतच सुरुवात केली, कारण भांडण आपल्या भाषेत चांगलं होतं, "तुमची सगळ्यात नावाजलेली गोष्ट कुठली?"

नोईने सांगितलं. हिरवी करी. कोंबडीची.

"झालं तर! शुक्रवारी सुट्टी आहे. आम्ही हिरवी करी करणार. डबीतला पाला नाही, तुमचा पाला नाही, या बेटावर उगवलेला ताजा पाला. तुमच्या गिऱ्हाइकांनी ताट चाटून पुसून खावी अशी झाली, तर नोई इथेच राहणार."

नोईने भाषांतर केलं. विहीणबाई हसल्याही नाहीत.

"कॅनॉट."

"कॅन!"

"कॅनॉट!"

"कॅन म्हणजे कॅन!" मी टेबलावर थाप मारली. ताकाचा पेला सांडला. त्यामुळे घोषणेला जोर आला.

नंतर ओट्याशी नोईने मला हळूच विचारलं, "अक्का, तुला हिरवी करी येते?"

"नाही. तुला येते ना?"

कोथिंबिरीचा अनर्थ

तुम्ही म्हणाल, त्यांची तुळस लागते तर आपली तुळस आहेच की, आणि मग काय धर्मसंकट उभं राहिलं असेल! तर नाही. बाल्कनीतल्या वृंदावनात नुसत्या काड्या होत्या. बहारीनच्या जुलै महिन्याने तो प्रश्न आधीच सोडवला होता. खरा अनर्थ झाला तो साध्या कोथिंबिरीवरून.

दुसऱ्या दिवशी सुधीरने पहाटे बाजारातून कोथिंबिरीच्या जाडजूड जुड्या आणून सिंकमध्ये ठेवल्या आणि दोघं कामाला गेली. मी जुड्या पाहिल्या. माझे हात शिवशिवले. आता कोथिंबीर निवडण्यात मला हरवणारी बाई रत्नागिरी जिल्ह्यात नाही. पेपर पसरला, मांडी घालता येत नाही म्हणून स्टुलावर बसले, आणि पान न् पान वेगळं केलं. पिवळं बाजूला, किडकं बाजूला, मुळ्या कापून पेपरात. पाला धुऊन फडक्यात गुंडाळला आणि पेपराची पुरचुंडी करून जिन्यातल्या कचऱ्याच्या पाइपात सोडून दिली. घरात किती मदत होते माणसाची!

नोई आली. तिने फडकं उघडलं. बंद केलं. पुन्हा उघडलं.

"अक्का, मुळं?"

"कसली मुळं?"

"कोथिंबिरीची. मला मुळंच हवी होती. पानं नको होती."

मी आयुष्यात कोथिंबिरीबद्दल हे वाक्य ऐकेन असं वाटलं नव्हतं. मागे सोफ्यावर काहीतरी खदखदलं. विहीणबाई हसत होत्या. आल्यापासून पहिल्यांदा! त्यांनी उठून सिंकच्या कोपऱ्यात अडकलेली एक चुकार मुळी नखाने काढली, धुतली, खलबत्त्यात टाकली, त्यावर लसणाची पाकळी, चिमूटभर पांढरे मिरे, आणि मोजके घाव घातले. खल माझ्या नाकाखाली धरला.

तो वास कोथिंबिरीचाच होता, पण जमिनीखालचा. पानांचा वास कसा वर वर तरंगतो, हा खाली बसलेला होता. ओल्या मातीसारखा, उबदार, आणि लसणाला हाताशी धरून चालणारा. खानावळीत मी पोत्याने कोथिंबीर निवडली असेन आणि हे सगळं म्हशीला घातलं. म्हैस एवढी तुकतुकीत का होती ते त्या दिवशी समजलं.

"नो रूट, नो करी," विहीणबाई म्हणाल्या. "फिनिश."

फिनिश? माझ्या डोक्यात उलटाच उजेड पडला. या इमारतीत, पलीकडच्या इमारतीत, या अख्ख्या बेटावर आपली माणसं राहतात. रोज प्रत्येक घरात कोथिंबीर निवडली जाते आणि रोज प्रत्येक घरातून मुळ्या कचऱ्यात जातात. टंचाई कसली? सगळं बेट मुळ्यांनी भरलेलं आहे!

तळमजल्यावर नसीमाभाभी राहतात, खेडच्या. त्यांचे मिस्टर एका व्यापाऱ्याकडे हिशेब बघतात आणि भाभी अख्ख्या इमारतीवर नजर ठेवतात. मी खाली जाऊन त्यांना कारस्थान सांगितलं. त्यांनी तिथल्या तिथे बायकांच्या ग्रुपवर निरोप टाकला: कोथिंबिरीच्या मुळ्या टाकू नयेत, सुधीरच्या अक्काला द्याव्यात. धडाधड उत्तरं आली. एकीने विचारलं, गुडघ्यांना लावतात का? दुसरीने विचारलं, केसांना? तिसऱ्या बाई, ज्या बँकॉकची सहल करून आल्याचं वर्षभर सांगत होत्या, त्यांनी लिहिलं की थाई जेवणात असलं काही नसतं आणि पाहुणीला कचरा गोळा करायला लावणं शोभत नाही.

मला "शोभत नाही" म्हटलं की जोर येतो. संध्याकाळी मी पिशवी घेऊन दारोदार फिरले, आणि पहिलं दार त्या बँकॉकवाल्या बाईंचं वाजवलं.

"तुमच्या मुळ्या."

"अहो, खरंच आलात?"

"खरंच. आणि देठही द्या, ते कशाला ठेवताय?"

त्यांनी दिल्या. माणूस दारात ठाण मांडून उभा राहिला की लोक काहीही देतात.

नसीमाभाभींचा ड्रम

भाभींच्या मागच्या दाराशी रंगाचा एक रिकामा ड्रम आहे आणि त्यात गवती चहाचं रान माजलंय. त्यांच्या चहाला येणारा तो वास जिन्यातून आमच्यापर्यंत यायचा. आता गंमत बघा. आपण गवती चहाची पात कापतो, चहात टाकतो आणि खालचं कांड फुटायला सोडतो. विहीणबाईंकडे पात फेकून देतात आणि खालचं पांढरं, जाड कांड चिरून वाटतात. कोथिंबिरीचं तेच. आपण एकाच झाडाचा शेंडा खातो, हे लोक बुडखा खातात. एवढ्यावर जगात दोन वेगळे स्वयंपाक उभे आहेत!

पण भाभींनी कांड मागितल्याबरोबर ड्रमला पाठ लावली. "पात हवी तितकी ने गो. पण बुंधा? बुंधा कापलास तर उद्या फुटंल काय, तुझं डोकं? खेडवरनं आणलाय मी हा, पदरात बांधून."

मी समजावलं, विनवलं, शेवटी धमकावलं. भाभी हलेनात. एवढ्यात मागून विहीणबाई आल्या. त्या खाली कशाला उतरल्या होत्या कोण जाणे. त्यांनी ड्रमात वाकून पाहिलं आणि त्यांच्या तोंडून असा आवाज निघाला, जसा आपण एखाद्याच्या पोराचे वाढलेले केस बघून काढतो. त्यांनी भाभींना हाताने बाजूला केलं, ड्रमात दोन्ही हात घातले, आणि दाटीवाटीने गुदमरलेल्या बेटातून बाहेरची जून कांडं मुळासकट एकेक उपटली. मुळाकडचा बोटभर तुकडा कापून पुन्हा मातीत खोचला. वरची पात भाभींच्या हातात दिली. मधलं कांड स्वतःकडे ठेवलं.

भाभी ड्रमाकडे बघतच राहिल्या. "आता जरा श्वास घेतोय गो तो," त्या म्हणाल्या.

जिना चढताना मी म्हटलं, "विहीणबाई, तुम्ही कुठल्या बाजूच्या?" नोई कामावर होती, त्यांना काही कळलं नाही. त्यांनी ती कांडं माझ्या हातात कोंबली आणि तोंड फिरवलं. शत्रूने आपल्या हाताने रसद पोचवली होती. मी ते घरात कुणाला सांगितलं नाही. जेवणाच्या टेबलाशी त्या पुन्हा "कॅनॉट" म्हणाल्या, तेव्हाही नाही.

आल्याच्या कुळातलं ते मूळ मनामाच्या जुन्या बाजारात काष्ठौषधीच्या दुकानात मिळालं. अरब लोक ते काढ्यात घालतात. मी पाहताच ओळखलं. आमच्याकडे भजनीबुवा घसा बसला की हेच कुळिंजन चघळतात. अर्थात वाळलेलं. विहीणबाईंनी ते टेबलावर आपटून "वूड" असं जाहीर केलं. मी ते लाकूड रात्रभर कोमट पाण्यात भिजवलं आणि जोडीला कोवळं आलं ठेवलं. लाकूड तर लाकूड. आम्ही कोकणातले लोक वाळलेल्यावरच पावसाळा काढतो.

बुदैया

शुक्रवारी सकाळी सुधीरच्या पिकअपमधून आम्ही बुदैयाकडच्या मळ्यांत गेलो. बहारीन म्हणजे सगळी वाळू आणि काच असं वाटत असेल तर इथे या. खजुरीच्या झाडांखाली हिरवे चौकोन, मधून पाटाचं पाणी, पलीकडे समुद्राची निळी रेघ. थंडी अशी की शाल घ्यावी आणि थोड्या वेळाने काढावी. वाटेत आम्ही चारचौघांसारखा गाडीतच करक चहा, म्हणजे इथला कडक दुधाचा चहा, मागवला. विहीणबाईंनी त्यात बोटभर साखर आणखी घातली. तेवढ्यापुरता मला त्यांच्याबद्दल आदर वाटला.

एका मळ्याच्या दाराशी काळ्या पायघोळ अबायातली एक म्हातारी पाल्याच्या जुड्या मांडून बसली होती. तिच्यामागे एक झाड, आणि झाडाला चक्क महाळुंग! कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात असतं तेच, लिंबाच्याच जातीचं. नोईने एक कोवळं पान तोडलं, मधली शीर काढून टाकली, पान चुरडलं आणि डोळे मिटून हुंगलं.

"आपल्या पानासारखं नाही," ती म्हणाली. "हे जास्त गोड आहे. पण..." तिने दुसरं पान तोडलं. "कोवळं घ्यायचं. जून कडू होईल. आणि शेवटी घालायचं, आधी नाही."

तिच्या नाकाला काहीतरी आठवायला लागलं होतं. मी सुधीरला कोपराने ढोसलं. तो पण बघत होता.

मग मला म्हातारीच्या टोपलीत ती जुडी दिसली. बारीक पानं, जांभळट देठ, आणि सुगंध असा की आपला सब्जा आणि मरवा एकत्र गुंफलाय. तुळशीचीच बहीण. म्हातारी म्हणाली, मशमूम. जुन्या बहारीनी लोकांना मोडकं हिंदी येतं, तिलाही येत होतं.

"कितना चाहिये? शादी है?"

"नहीं, करी है," मी म्हटलं.

"क्या?"

"खाना! चिकन में डालेगा!"

म्हातारी उठून उभी राहिली. "मफी, मफी! नहीं, नहीं! ये बाल का है! बाल का! औरत का बाल का!" आणि मी वेडी आहे असं समजून, मला समजावं म्हणून, तिने एक तुरा तोडून सरळ माझ्या अंबाड्यात खोचला. मग विहीणबाईंकडे वळली. त्यांचे केस आखूड, तुरा राहीना, तो तिने त्यांच्या कानामागे अडकवला. दोन खानावळवाल्या नव्या नवऱ्या होऊन वाळूत उभ्या! सुधीरने फोटो काढला. तो मी कोणाला दाखवणार नाही.

आपण तुळस पूजेला ठेवतो, दवणा-मरवा केसांत माळतो. इथल्या बायका हिला केसांत माळतात. विहीणबाईंच्या देशात हिच्या बहिणीला कढईत टाकतात. आणि प्रत्येकजण दुसऱ्याला वेडं समजतो. म्हातारी मला ती जुडी द्यायला तयार नव्हती. चिकनसाठी तर नाहीच नाही. मी हात जोडले, सुधीर "खाला, यल्ला, दे दो" म्हणाला. काही उपयोग नाही.

तेव्हा नोईने पुढे होऊन आईच्या कानामागचा तुरा काढला, त्याचं एक पान चावलं आणि म्हातारीपुढे धरला. "माँ, मेरा घर दूर है. ये पत्ता उधर का जैसा है. थोडा."

म्हातारीने तिच्याकडे पाहिलं. आईकडे पाहिलं. काहीतरी पुटपुटत तिने दोन जुड्या नोईच्या हातात दिल्या, आणि पुन्हा बजावलं, "एक बाल का. एक तुम जानो."

नोई अजून चावत होती. "वास आहे. पण ती मागची गोडी नाही, बडीशेपेसारखी." ती बांधाबांधाने चालत गेली, वाकली, आणि बडीशेपेची कोवळी पात घेऊन आली. मी विहीणबाईंकडे पाहिलं. त्या समुद्राकडे बघत होत्या. फार लक्ष देऊन.

पंगत

दुपारच्या नमाजाची बांग झाली तेव्हा मी खलबत्त्यापुढे होते. हिरव्या मिरच्या, अख्ख्या बेटाच्या मुळ्या, भाभींची कांडं, भिजवलेलं लाकूड, आलं, धणे, जिरं. विहीणबाईंच्या गावी कोळंबीचा आंबवलेला लगदा घालतात. मी देवरुखहून आणलेली सुकट भाजून घातली. घाव घालताना खांद्यातून कळा येत होत्या, पण बत्ता खाली ठेवला नाही. विहीणबाई आमच्याकडे पाठ करून टीव्हीवर अरबी बातम्या बघत बसल्या होत्या. ज्यातलं त्यांना एक अक्षर समजत नव्हतं.

"स्लो!" त्या मधूनच टीव्हीला सांगायच्या. मी हळू कुटायचे. "नाऊ फास्ट!"

नोईने नारळाचं दाट दूध आटवून त्याला तेल सुटू दिलं आणि त्यात वाटण टाकलं. खोलीत वास उठला. टीव्हीचा आवाज कोणीतरी बंद केला.

शेवटी महाळुंगाची पानं, मशमूम, बडीशेपेची पात. नसीमाभाभी आपलं ताट घेऊनच आल्या. आम्ही विहीणबाईंना मधे बसवलं. वाढलं. सुधीर पाण्याचा पेला हातात धरून पाणी प्यायला विसरला.

विहीणबाईंनी चमचाभर घेतलं. जिभेवर फिरवलं. चमचा खाली ठेवला.

"नो," त्या म्हणाल्या. "नॉट ग्रीन करी." आणि पुढे नोईकडे बघून थाईत पुष्कळ काही.

मी पदर खोचून उठणारच होते. पण नोई माझ्याआधी उभी राहिली. ती आईशी थाईत बोलली, आवाज न चढवता, आणि मग आमच्यासाठी तेच मराठीत बोलली, तशीच उभी राहून. "मी म्हटलं, बरोबर आहे. ही तुझी करी नाही. तुझी तिकडे आहे, मी येईन तेव्हा तीच खाणार. ही इथली आहे. ह्यात भाभीचं आहे, अक्काचं आहे, त्या म्हातारीचं आहे. मला परत वास येतोय, आई. मी इथे राहते. जेवायचं तर जेव. नाहीतर खलास."

खलास! आईला! सुधीरने पाणी एका दमात संपवलं.

विहीणबाई लेकीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी चमचा उचलला. भात कालवला. जेवल्या. ताट रिकामं झालं, ते त्यांनी पुढे केलं, नोईने वाढलं, तेही संपलं. उरलेला रस त्यांनी भाताच्या शेवटच्या शितांनी पुसून घेतला.

मग त्यांनी मोठा श्वास सोडला, खांदा चोळला आणि काहीतरी स्वतःशीच म्हणाल्या. नोईचा चेहरा उतरला. "आई म्हणते, मग खानावळ कोण बघणार."

करी जिंकता येते, म्हातारपण नाही. मी उठून त्यांचं ताट उचललं, ओटा पुसला, खल उपडा केला, उरलेल्या मुळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवल्या, भाभींना आणखी भात वाढला, सुधीरला पाय खाली घ्यायला सांगितलं. सवयीने. विहीणबाई हे सगळं बघत होत्या. भाजीवाल्याच्या गाडीवरची वांगी पारखून घ्यावीत तशा बघत होत्या. माझे हात, माझा खोचलेला पदर, अंबाड्यातला सुकलेला तुरा.

आणि एकाएकी त्यांनी टेबलावर थाप मारली, माझ्याकडे बोट केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडल्या, "ओके! नोई स्टे! देन आय टेक अक्का!"